पांढऱ्या ताक्यावरची रेघ

ठिपका आधी नवरीच्या गालावर होता. सुरतेतल्या डिंडोलीच्या त्या गल्लीत दोन्हीकडच्या घरांना दोर बांधून मांडव घातला होता आणि मांडवाच्या तोंडाशी, चपलांच्या ढिगाशेजारी, एका स्टुलावर टीव्ही ठेवला होता. आतलं शूटिंग बाहेरच्यांनाही दिसावं म्हणून. शेजारच्या पुष्पाबाईंच्या थोरलीचं लग्न होतं. आतला उकाडा सोसेना म्हणून पंडित वरण-बट्टीचं ताट घेऊन टीव्हीसमोरच्या खुर्चीत येऊन बसला होता. पडद्यावर नवरीचा चेहरा मोठा झाला तेव्हा तिच्या उजव्या गालावर एक बारीक पांढरा ठिपका चमकला. अक्षता चिकटली असेल, असं त्याला वाटलं. मग कॅमेरा नवरदेवाकडं वळला आणि अक्षता त्याच्या फेट्यावर गेली. तिथून मामीच्या पदरावर, भटजींच्या खांद्यावर, मागच्या भिंतीवर. मागं बसलेली कुणी बाई म्हणाली, "काजळाच्या जागी चुना लावलाय वाटतं टीव्हीला, दृष्ट लागू नये म्हणून," आणि बायका खिदळल्या. पंडितला हसू आलं नाही. तो ठिपका पडद्यावर कुठं आहे हे त्यानं चौकटीपासून नजरेनं मोजलं. उजवीकडून चार बोटं, वरून एक वीत. माणसं बदलत होती, चार बोटं आणि वीत बदलत नव्हती. एवढ्यात कॅसेट बदलायला शूटिंगवाला धर्मेंद्र घाम पुसत बाहेर आला. पंडितनं त्याला लहानपणी पाढे शिकवले होते.

"धर्मा, काच पुस रे तुझी. कचरा बसलाय."

"कचरा नथी, काका. आतली चिप आहे ना, नखाएवढी, तिच्यावर लाखो दाणे असतात. एकेक दाणा आपल्या वाट्याचा उजेड पकडतो, त्याची वीज करतो, पुढं ढकलतो. त्यातला एक खोटा पडला. आता कॅमेरा देवाकडं करा नायतर चपलांकडं करा, तो तिथंच."

"मग लग्नाची कॅसेट खराब नाही का होत?"

"कोण बघतंय काका? लोकांना अक्षता वाटते," धर्मेंद्र म्हणाला आणि पाण्याच्या पिंपाकडं गेला.

पंडितची बोटं वरणात बुडवलेल्या बट्टीवर जागच्या जागी थांबली. बोटं अशी थांबण्याचा अर्थ त्याला ठाऊक होता. तीस वर्षं ती अशीच थांबत आली होती, कापडावरून सरकता सरकता, डोळ्यांना काही कळायच्या आधी. त्यानं ताट खुर्चीखाली सरकवलं आणि हात न धुताच तो घराकडं निघाला. घर चार दारं पलीकडं होतं, पण तेवढ्या वाटेत त्याच्या डोळ्यांसमोर दोन वर्षांपूर्वीचा दुसराच एक पडदा उभा राहिला. त्या पडद्यावर पांढरं कापड खालून वर सरकत होतं आणि डाव्या काठापासून वीतभर आत एक काळी बारीक रेघ होती. सरळ, सलग, कुठंही न तुटणारी. ठिपका नव्हे, रेघ. पण कापड सरकत असलं तर ठिपक्याची रेघच होणार की. हे आपल्याला तेव्हा का कळलं नाही, असं त्यानं स्वतःला विचारलं, आणि विचारतानाच त्याला जाणवलं की हा प्रश्न आपण मुद्दाम सोपा केला आहे.

त्याची बायको शोभाबाई लग्नातून पाठोपाठ आली. "काय व्हयनं तुम्हले? ताट तसंच टाकी दिन्हं." त्यानं पित्ताचं निमित्त सांगितलं. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं आणि जास्त विचारलं नाही. खाटेवर पडून तो पत्र्याकडं पाहत राहिला. पत्र्याला खिळ्याचं एक भोक होतं आणि त्यातून उन्हाचा एक पिवळा कवडसा भिंतीवर पडला होता. त्यानं एक डोळा मिटून पाहिला, मग दुसरा. दोन्ही डोळ्यांना आता कवडशाची कड अगदी स्वच्छ दिसत होती. धुळ्याच्या डॉक्टरनं डोळ्यांचं ऑपरेशन चोख केलं होतं. पण सुरतेजवळच्या सचिन गावी, तो कामाला होता त्या कापडाच्या कारखान्यात कुणालाच हे ठाऊक नव्हतं. ऑपरेशनला जाताना तिथं त्यानं भाचीचं लग्न म्हणून रजा घेतली होती.

तो सुरतेत आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता आणि पहिली नोकरी कापड तपासायच्या खात्यात लागली. मागावरून उतरलेला ताका, म्हणजे शंभर-सव्वाशे मीटरचं ते सलग कापड, तिरक्या काचेच्या मेजावरून ओढायचा, काचेखाली ट्यूबलाइट, आणि डोळा कापडावर ठेवायचा. तेल पडलं, आडवा धागा सुटला, ताण्याची उभी तार तुटली, जिथं दोष दिसेल तिथं खडूची खूण. त्याला हे पांडुरंगदादांनी शिकवलं. दादा सावद्याचे. नाकात तपकीर असायची आणि शिकवायची हौस इतकी की जेवणाच्या सुट्टीतही भाकरीवरचा करपलेला भाग दाखवून विचारत, बोल, हा दोष तव्याचा की हाताचा? डोळ्यांआधी बोटं शिकव, असं ते म्हणत. तार तुटलेली असली की कापडात केसाएवढी फट पडते. डोळा चुकेल, बोटाच्या मागच्या बाजूला ती फट लागतेच. आणि शंका आली तर ताका उलटा फिरवायचा. या टोकाचा त्या टोकाला करायचा, डावा काठ उजवीकडं न्यायचा, आणि पुन्हा बघायचं. "दोष कापडाबरोबर पलीकडं गेला तर विणकराचा," दादा म्हणत. "जागचा हलला नाही, तर तुझ्या डोळ्याचा, नाहीतर मेजाच्या काचेचा. स्वतःच्या डोळ्यातलं कुसळ विणकराच्या माथी मारायचं नाही, पंडित. त्याच्या घरी चूल असते." एकदा खरंच मेजाच्या काचेवर ओरखडा निघाला होता आणि दादांनी एका विणकराची जाहीर माफी मागितली होती, साऱ्या खात्यासमोर, हात जोडून. तरुण पंडितला तेव्हा त्यांची लाज वाटली होती. एवढ्याशा गोष्टीसाठी हात कशाला जोडायचे!

आणि मग, दादा जाऊन बारा वर्षं झाल्यावर, सचिनला ते यंत्र आलं. परदेशात वापरून झालेलं, पण इथं नवंच. भाईदासशेठनं त्याला हार घातला, नारळ फोडला. यंत्रात एक आडवा कॅमेरा होता आणि त्याच्या पोटात बोटभर लांबीची एक चिप, तिच्यावर एका ओळीत दोन हजार दाणे. प्रत्येक दाण्यानं कापडाच्या रुंदीतला आपला तेवढा तुकडा बघायचा. कापड पुढं सरकेल तशी ओळीखाली ओळ लागत जाते आणि पडद्यावर सगळा ताका उमटतो. अहमदाबादहून आलेल्या इंजिनिअरनं हे सांगितलं तेव्हा पंडितला ते फार आवडलं होतं. शिकवण्यासारखी गोष्ट समोर आली की त्याचा जीव हरखायचा. डिंडोलीच्या ओट्यावर संध्याकाळी गल्लीतली पोरं त्याच्याभोवती बसत. त्यांना हे कसं सांगायचं, याचाच तो विचार करत होता. आणि त्याच वेळी त्याला भीतीही वाटली होती. कारण त्या वर्षी दिव्यांभोवती रंगीत कडी दिसू लागली होती, आणि काचेच्या मेजावरचं पांढरं कापड म्हणजे नुसतं दूध झालं होतं. तपासणीच्या चौघांपैकी दोघांना शेठनं हिशेब देऊन घरी पाठवलं होतं. यंत्राजवळ एकच माणूस लागणार होता, बघणारा. खात्यात येताना पंडित पायऱ्या मोजून चढायचा. खडूची खूण बोटांच्या भरवशावर करायचा. घरी शोभाबाईलासुद्धा त्यानं सांगितलं नव्हतं की तांदळातले खडे आता आपल्याला दिसत नाहीत.

त्या दिवशी श्रीपतचे ताके यंत्रावर होते. श्रीपत मलकापूरकडचा, तिशीतला, हाताचा साफ. रंगीत माल विणणारे खूप होते. शुभ्र पांढरा माल त्याच्याकडं देत, कारण त्याच्या मागाला तेलाचा शिंतोडा म्हणून कधी उडत नसे. पांढरं कापड यंत्रावर प्रथमच चढलं होतं. पडद्यावर रेघ उमटली. इंजिनिअरनं यंत्र थांबवलं, भाईदासशेठला बोलावलं. श्रीपतच्याच दुसऱ्या मागाचा ताका लावला, त्यावरही रेघ, तिथंच. ताण्याची तार तुटलेली असताना माग चालवत राहिला, म्हणजे मजुरीचे मीटर वाढवायला जाणूनबुजून केलं, असा त्याचा अर्थ होता. श्रीपतला मागावरून बोलावून आणलं. त्यानं पडदा पाहिला आणि म्हणाला, "दोन्ही मागावर एकाच जागी कशी तुटंन, शेठ?" शेठ शांतपणे म्हणाले, "हाथ तो एक ज छे ने. माग दोन, हात एकच." मागं कुणीतरी हसलं. कुणी दुसऱ्यानं श्रीपतच्या जातीवरून एक वाक्य टाकलं, हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकंच हळू. मग शेठ पंडितकडं वळले. "काका, तमे जुओ. मशीन तो मशीन छे. तुमच्या डोळ्याला काय दिसतं?" पंडित पुढं झाला, कापड दोन्ही हातांत धरलं, ट्यूबलाइटसमोर आणलं. समोर दूध होतं. तो म्हणाला, "दिसतंय. तार तुटलेली आहे." कागदावर त्यानं सही केली. नापास ताके विणकराच्याच खांद्यावर देऊन त्याला फाटकाबाहेर काढायची तिथली रीत होती. श्रीपत दोन्ही ताके खांद्यावर घेऊन मागांच्या दोन रांगांमधून चालत गेला, आणि माग थांबवून सगळ्यांनी ते पाहिलं.

एवढंच पंडितनं दोन वर्षं आठवलं होतं. एवढंच आठवायचं त्याला वळण लागलं होतं. पुढं धुळ्याला डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि त्या आठवणीवर त्यानं एक पडदा टाकला, की यंत्रालाही दिसलं, मलाही अंधुक का होईना दिसलं असणारच. श्रीपतला सुरतेत पुन्हा माग मिळाला नाही. तो मार्केटात कापडाच्या पार्सलांची लारी ओढतो आणि कोसाडला राहतो, असं कानावर आलं होतं. पांढरा माल शेठनं बाहेर विणायला दिला. यंत्रावर मग रंगीतच ताके आले, गर्द निळे, मरून, बाटलीसारखे हिरवे. ती रेघ पुन्हा कधी दिसली नाही. श्रीपत गेला आणि रेघ गेली, असं खात्यात म्हणायचे. पंडितही मान हलवायचा. आता पत्र्याच्या भोकाकडं पाहताना त्याला कळत होतं की रेघ कुठंही गेलेली नव्हती. गर्द रंगात ती नुसती बुडून राहिली होती. चिपवरचा एक दाणा अर्धा मेला होता. पूर्ण उजेड पडला की त्याची उणीव उघडी पडायची, कमी उजेडात खपून जायची. म्हणजे खोटं यंत्र बोललं. आपण नाही. या विचारानं त्याला पहिल्यांदा बरं वाटलं. चांगला तासभर बरं वाटलं. तो उठून बसला, तोंड धुतलं, ओट्यावर आला.

ओट्यावर पोरं जमलीच होती, त्यांत त्याची नात हर्षदाही होती. लग्नाचा टीव्ही सगळ्यांनी पाहिलेला, त्यामुळं ठिपक्याचीच गोष्ट निघाली. पंडितनं त्यांना ओळीनं बसवलं, प्रत्येकाच्या ओंजळीत चिंचोके टाकले. कुणाला पाच, कुणाला तीन. जितका उजेड तितके चिंचोके. मग म्हणाला, आता शेजाऱ्याच्या ओंजळीत ओता, त्यानं पुढच्याच्या, एकाचे दुसऱ्यात न मिसळता. कडेच्यानं मोजत जायचं, मोठ्यानं. पाच, तीन, पाच, चार. आकडे ऐकूनच मी सांगणार, कुठं उजेड आहे आणि कुठं सावली. चौथ्या जागेवरच्या मुलीला त्यानं आपल्या चिंचोक्यांची मूठ बंद ठेवायला सांगितलं. पाच, तीन, पाच, शून्य. पुन्हा ओतलं, पुन्हा शून्य. पोरांना गंमत वाटली. "म्हणजे तिथं अंधार नाहीच," हर्षदा म्हणाली, "हिची मूठच बंद आहे!" "शाबास," पंडित म्हणाला.  शिकवणं अंगात भिनलेलं, तो थांबेना. त्यानं खांद्यावरचा पंचा काढला, दोन्ही हातांत पसरला आणि पांडुरंगदादांची युक्ती सांगितली. कापडाचा दोष की डोळ्याचा, हे कसं ओळखायचं, तर ताका उलटा फिरवायचा. पंचा त्यानं या टोकाचा त्या टोकाला केला. पोरांनी डोळ्यांपुढं एक बोट धरून पाहिलं आणि पंचा फिरला तरी बोट तिथंच राहतं म्हणून टाळ्या पिटल्या. हर्षदा तेवढी विचार करत राहिली. नऊ वर्षांची पोर, कपाळावर आठी घालायची लकब हुबेहूब शोभाबाईची. "आप्पा," ती म्हणाली, "किती सोप्पं आहे. मग मशीनवाल्यांनी असं फेरवून का नाही बघितलं?"

"वेळ लागतो, बेटा. ताका जड असतो."

"किती वेळ?"

"पंधरा मिनिटं."

"पंधराच?" हर्षदा म्हणाली आणि चिंचोके वेचायला लागली.

तो ओट्यावर बसून राहिला. पंधराच. त्या एका शब्दानं तो पडदा सरकला आणि मागचं सगळं उजेडात आलं, जे त्यानं दोन वर्षं आठवलं नव्हतं. शेठनं त्याला कापड बघायला सांगितलं, तेव्हा श्रीपत अगदी शेजारी उभा होता. त्याच्या अंगाला कांजीचा आंबूस वास येत होता. तो हळूच, फक्त पंडितला ऐकू जाईल असं म्हणाला होता, "काका, एकवार उलटा करा ना." ही युक्ती श्रीपतला पंडितनंच सांगितली होती, कधीतरी चहाच्या टपरीवर, फुशारकीनं. आणि पंडितनं ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं. त्याच वेळी त्याची बोटं कापडावरून सरकली होती. डाव्या काठापासून वीतभर आत, जिथं ती फट असायला हवी होती तिथून, एकदा, दोनदा. बोटांना काही लागलं नव्हतं. कापड सपाट होतं, देखणं होतं. त्याला माहीत होतं. ताका फिरवा म्हटलं असतं तर शेठनं विचारलं असतं, का, तुम्हाला दिसत नाही? आणि मग कुणीतरी म्हणालं असतं, काका, हे वाचून दाखवा बरं. त्या प्रश्नाला तो भ्याला होता. यंत्राला दिसतंय ते मलाही दिसतंय, एवढं म्हटलं की त्याचे डोळे शाबूत ठरत होते. मग तो श्रीपतकडं न बघता, जरा चढ्या आवाजात बोलला होता, "दिसतंय." खोटं यंत्र बोललं नव्हतं. यंत्राची मूठ बंद होती. खोटं बोलायला माणूस लागला होता.

पुढचे चार दिवस तो कामावर गेला आणि पडद्यासमोर बसला. निळा ताका आला की डाव्या काठापासून वीतभर आत बघत राहायचा. आता माहीत असल्यामुळं निळ्यातही ती रेघ त्याला ओळखू यायची, अगदी पुसट, पाण्यात केस पडावा तशी. ती रोजच तिथं होती. दोन वर्षं रोज ती त्याच्या तोंडासमोरून गेली होती. पाचव्या दिवशी वैशाखी पौर्णिमा होती. त्यानं रजा टाकली, शोभाबाईला सांगितलं, "कोसाडला जाऊन येतो." "कोसाडले? आपलं कोन से तथं?" त्यानं पायात चपला सरकवल्या. स्टेशनपर्यंत एक बस, पुढं दुसरी. तापीच्या पुलावर बस थांबली तेव्हा तो मनात धडा बसवत होता. चिप, दोन हजार दाणे, अर्धा मेलेला एक दाणा, पूर्ण उजेड. सगळं इतकं नीट सांगता येत होतं की सांगून झाल्यावर श्रीपत म्हणेल, अरे, असं होय! अमरोली गेल्यावर त्याला त्या धड्याचा वास येऊ लागला. आपण शिकवायला चाललो आहोत. गुन्हा केला आणि आता त्याचा तास घ्यायला निघालो.

कोसाडच्या वसाहतीत श्रीपतचं घर विचारलं तर पोरांनी विहाराकडं बोट दाखवलं. विहार म्हणजे एक पत्र्याची मोठी खोली, समोर निळी पताका, आत मूर्तीपुढं मेणबत्त्या. वंदना चालू होती. तीस-चाळीस माणसं दाराकडं पाठ करून बसली होती, पुरुष एकीकडं, बाया एकीकडं, आणि सगळी पांढऱ्यात. पंडित दारात चप्पल काढून उभा राहिला. त्याच्यासमोर पाठीच पाठी होत्या. सदरे, झंपर, लहान मुलींचे फ्रॉक. ते कापड त्यानं दुसऱ्या कापडाशी तुलना न करता ओळखलं. तो पोत, ती किंचित निळसर झाक, काठाला विणलेली ती दुहेरी तार. एका मापाचं, एकाच हातचं. श्रीपतच्या बायकोनं, सीतानं, नापास झालेले ते दोन ताके बेतले होते. एका घरापुरते नव्हे, घरांच्या सगळ्या ओळीपुरते. दोन वर्षं ती माणसं हे धूत होती, वाळत घालत होती, सणाला काढून अंगावर चढवत होती. पंडितचे डोळे आपोआप कामाला लागले. तो एका पाठीवरून दुसऱ्या पाठीवर जात राहिला, जसा मेजावरून ताका सरकावा. खांदे, शिवण, काख, पुन्हा खांदे. दारातून ऊन येत होतं आणि आता त्याला सगळं दिसत होतं, घामाचे डाग, इस्त्रीच्या मोडी, एका म्हाताऱ्याच्या सदऱ्याला मागं लावलेलं ठिगळ. रेघ कुठंही नव्हती. तो शेवटच्या पाठीपर्यंत गेला आणि पुन्हा पहिलीपासून सुरू झाला.

वंदना संपली. माणसं उठली, खिरीचे द्रोण फिरू लागले. श्रीपतनं त्याला पाहिलं. दोन वर्षांत खांदे रुंद झाले होते आणि मान आत गेली होती, लारी ओढणाऱ्यांची जाते तशी. "काका," तो म्हणाला. बसा म्हणाला नाही. सीता मागं येऊन उभी राहिली, कडेवर चैताली, त्यांची धाकटी. पंडितनं सुरुवात केली, "श्रीपत, त्या यंत्रात एक चिप असते..." आणि तो थांबला. बसमध्ये बसवलेलं सगळं जिभेवर होतं, सोपं, क्रमवार. त्यानं ते गिळलं.

"मला दिसत नव्हतं," तो म्हणाला. "मोतीबिंदू होता. मला कापडच दिसत नव्हतं त्या दिवशी."

श्रीपतनं द्रोण खाली ठेवला. "मले मालूम होतं."

"डोळ्यांचं?"

"डोयाचं नाई. तुमचे बोटं." श्रीपतनं आपला हात पुढं केला आणि हवेतच कापडावरून सरकवल्यासारखा नेला. "दोष आला का तुमचे बोटं थांबतात. सात वर्स पाह्यलं मी. त्या दिवशी दोनदा गेले, दोनदाबी थांबले नाई. मंग तुम्ही दिसते म्हणले. मले वाटलं होतं, आता काका म्हणतीन, फिरवा."

"मी ऐकलं होतं तुझं."

"तेबी मालूम होतं."

सीता मध्येच बोलली. तिचा आवाज श्रीपतपेक्षा कडक होता. "मंग आज कायले आले? आमाले सांगाले? आमाले कायचं सांगता? आमी घालून फिरतो ना तो कपडा. तो एकेक मीटर मी या हातानं बेतला. कात्री चालवताना रेघच पाहत होती मी, का सापडली त रडून मोकळी होईन." तिनं चैतालीला कडेवरून खाली उतरवलं. "सांगाचं त जिथं इज्जत गेली तिथं सांगा."

"माझी नोकरी..." पंडितच्या तोंडून निघून गेलं आणि बोलताबोलताच त्याला कळलं की हेच ते, दोन वर्षांपूर्वीचं, अजून तसंच आत बसलेलं.  एक म्हातारी द्रोण घेऊन आली आणि तिनं तो पंडितच्या हातात दिला. पाहुणा म्हणून. खीर गरम होती. तो ती उभ्यानं प्यायला.  मग तो म्हणाला, "त्यातला एखादा तुकडा उरलाय का?"

सीता घरी गेली आणि एक घडी घेऊन आली. दुसऱ्या मुलाच्या, प्रदीपच्या, पुढच्या वर्षीच्या सदऱ्यासाठी राखलेलं चार-पाच मीटर, पूर्ण पन्ह्याचं. तिनं ते पंडितच्या हातात दिलं नाही, श्रीपतच्या दिलं. श्रीपत म्हणाला, "उद्या येतो मी. पहिल्या पाळीला."

रात्र कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. सकाळी शोभाबाईनं डबा भरताना त्यानं तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, तांदळातल्या खड्यांपासून. तिचे हात कणकेत होते. ती एवढंच म्हणाली, "ते माले दिसे. तुम्ही सांगतस का, तेच देखी राह्यनू व्हतू." म्हणजे तिलाही माहीत होतं. आपण लपवत होतो ते आपण सोडून सगळ्यांना दिसत होतं, असं त्याला वाटलं.

श्रीपत फाटकाशी उभा होता, अंगात तोच पांढरा सदरा. वॉचमन त्याला सोडेना. पंडित म्हणाला, माझा पाहुणा आहे. ते दोघं मागांच्या दोन रांगांमधून चालत खात्यात आले, आणि जुने लोक होते त्यांनी माग थांबवले. पंडितनं यंत्रावरचा निळा ताका उतरवला. श्रीपतकडचा तुकडा एका उरलेल्या कापडाला टाचून रुळावर चढवला. काठ त्यानं बरोबर धरला. यंत्र सुरू केलं. पडदा पांढरा झाला आणि डाव्या काठापासून वीतभर आत ती रेघ उभी राहिली, काळी, सरळ, दोन वर्षांत जराही न विटलेली. मागं माणसं जमली होती. कुणीतरी म्हणालं, "जो, एनी ए ज. तीच रेघ." भाईदासशेठ केबिनमधून बाहेर आले. त्यांनी पडदा पाहिला, श्रीपतला पाहिलं, आणि भुवया उंचावल्या. "काका, आ शुं छे? आनो माल पाछो? पुन्हा याचाच माल?"

पंडितनं यंत्र बंद केलं.  दोन वर्षांपूर्वी जिथं उभा होता तिथंच श्रीपत येऊन उभा राहिला होता, अगदी शेजारी, आणि त्याच्या अंगाला आता कांजीचा नव्हे, साबणाचा वास होता. पंडितला पांडुरंगदादा आठवले, साऱ्या खात्यासमोर जोडलेले त्यांचे हात, त्या हातांची आपल्याला वाटलेली लाज. त्यानं रुळावरून तुकडा सोडवला, या टोकाचा त्या टोकाला केला. डावा काठ उजवीकडं गेला. पंधरा मिनिटंसुद्धा लागली नाहीत. मग त्यानं बोटं उलटी करून, मागच्या बाजूनं, ती कापडाच्या सगळ्या पन्ह्यावरून एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नेली, हळू, सगळ्यांना दिसेल अशी. बोटं कुठंही थांबली नाहीत.

"शेठ," तो म्हणाला, आणि त्याला आपला आवाज जरा चढा लागलेला जाणवला, पण आता तो तसाच राहू दिला, "त्या दिवशी यानं मला ताका फिरवा म्हणून सांगितलं होतं. मी फिरवला नाही. मला दिसत नव्हतं, आणि मी दिसतंय म्हणालो." त्यानं हात जोडले. शेठकडं नाही, श्रीपतकडं. मग वळून यंत्राची कळ दाबली आणि सगळ्यांबरोबर पडद्याकडं बघत राहिला.